सहा वर्षांना सहा दिवस

भाकऱ्या झाल्या असतील, नाहीतर तव्यावर असतील. असू द्या. हात चालू ठेवूनच ऐका, आम्हीही घरी असंच ऐकतो.

एप्रिलात आमच्या गटाच्या सातजणी मुंबईला जाऊन आलो, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना माहीत आहे. मिरची कांडप यंत्रासाठी बँकेची फाईल टाकली आहे, तेव्हा पैसे अडकवण्याआधी धंदा बघून यावा म्हटलं. लालबागच्या मसाला गल्लीत गेलो. मिरचीची पोती, भाजणाऱ्या बाया, कुटणारी यंत्रं आणि आमच्या शिंका. बेडगी किती, संकेश्वरी किती, शंकासुराचा रंग टिकतो की नाही, सगळं लिहून आणलंय. पण ते पुढच्या वेळी. आज दुसरंच सांगायचंय. आम्ही उतरलो होतो तिथे एका संध्याकाळी जे बोलणं निघालं, ते.

गटातल्या एकीच्या आत्याकडे उतरलो होतो. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. आत्याबाई ऐंशीच्या पुढच्या. नवरा गिरणीत, आणि त्या घरात खानावळ चालवायच्या. पंचवीस-तीस गिरणी कामगार जेवायला. १९८२ सालचा संप त्यांनी पुरा पाहिलेला. जानेवारीच्या १८ तारखेला सुरू झालेला तो संप कधी संपला असं कुणी सांगतच नाही, तो नुसता विरत गेला. आत्याबाई म्हणाल्या, "संप म्हणजे काय गं, बाईने डब्यातले तांदूळ मोजायचे." उधारीची वही त्यांनी अजून ठेवली आहे. बरीच नावं गावी निघून गेली, पैसे आलेच नाहीत. त्या काळात अशा खानावळवाल्या बायांना प्रेमाताई पुरव यांनी एकत्र केलं होतं, १९७५ साली दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. म्हणजे आपल्या बचत गटाची थोरली बहीणच म्हणा.

तर आत्याबाई सहज म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांचे वडील सांगायचे, पहिला मोठा संप पगारासाठी नव्हताच. तो टिळकांसाठी होता. सहा वर्षांची शिक्षा, म्हणून सहा दिवस गिरणी बंद."

आम्ही बघतच राहिलो. टिळक आम्हाला शाळेतले ठाऊक. शेंगा, टरफलं, जन्मसिद्ध हक्क. १ ऑगस्टला भाषण पाठ करून म्हटलेलं, बक्षीस म्हणून मिळालेली कंपासपेटी. पण टिळक म्हणजे एक वर्तमानपत्रवाला, त्याला लेख लिहिल्याबद्दल समुद्रापलीकडे नेऊन कोंडलं, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्या माणसांनी त्यासाठी आपली रोजी सोडली, हे असं कधी डोक्यात आलंच नव्हतं. परत आल्यावर आमच्यातल्या दोघीतिघींनी तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली, रोज रात्री थोडं थोडं वाचलं. ते सांगतो.

टिळकांचा 'केसरी' सुरू झाला १८८१ साली, पुण्यात. दुसऱ्याच वर्षी कोल्हापूरच्या कारभाऱ्याविषयी छापल्यावरून बदनामीचा खटला झाला, आणि टिळक-आगरकर दोघे मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. पुढे १८९७ साली राजद्रोहाचा पहिला खटला, दीड वर्षाची सक्तमजुरी. आणि १९०८ साली तिसरा, तो हा.

झालं असं. ३० एप्रिल १९०८ ला बिहारमध्ये मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी या दोन पोरांनी एका घोडागाडीवर बॉम्ब टाकला. मारायचं होतं किंग्जफोर्ड नावाच्या न्यायाधीशाला. गाडीत होत्या दुसऱ्याच दोघी, केनेडी नावाच्या मायलेकी. दोघी गेल्या. आम्ही हे वाचताना थांबलो. आमच्यातली एक म्हणाली, "त्यांचा काय गुन्हा?" काहीच नाही. हे सांगायचं राहून जातं म्हणून मुद्दाम सांगितलं.

टिळकांनी 'केसरी'त यावर लेख लिहिले. १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे दोन मुख्य. सांगणं थोडक्यात असं, की बॉम्ब टाकणं वाईटच, पण पोरं या थराला का जातात ते सरकारने बघावं. नुसती दडपशाही वाढवून हे थांबायचं नाही, लोकांना अधिकार द्या. सरकारला हे सोसलं नाही. २४ जूनला मुंबईत सरदारगृहात त्यांना पकडलं. क्रॉफर्ड मार्केटजवळची ही इमारत. टिळक मुंबईत आले की तिथेच उतरायचे.

खटला हायकोर्टात १३ जुलैला उभा राहिला. न्यायाधीश दावर. गंमत बघा, हेच दावर अकरा वर्षांपूर्वी टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते, आता त्यांनीच जामीन नाकारला. जामीन मागणारे बॅरिस्टर होते जिना, पुढे पाकिस्तानवाले तेच. ज्युरीत नऊ माणसं, सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत, आणि ज्युरीला मराठी येत नव्हतं! इंग्रजी भाषांतर करून त्यांच्यापुढे ठेवलं. टिळकांचं म्हणणं होतं की भाषांतरातच शब्द वाकडे झालेत. हे आपल्याला नवं नाही. आपण अर्जात एक सांगतो, साहेब दुसरं लिहून घेतो, आणि खाली अंगठा आपला असतो.

घराच्या झडतीत एक कार्ड सापडलं होतं. त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं. सरकारी वकिलांनी ते पुढे केलं. टिळक म्हणाले, सरकार स्फोटकांचा कायदा आणतंय, त्यावर लिहायचं तर वाचायला नको का? त्यांनी आपला बचाव आपणच केला. सगळे दिवस मिळून २१ तास आणि वर १० मिनिटं बोलले. आम्हाला ग्रामसभेत दोन मिनिटं बोलायचं तर घसा कोरडा पडतो.

२२ जुलै, बुधवार. रात्री दहाच्या सुमाराला निकाल लागला. सात जण दोषी म्हणाले, दोघे निर्दोष. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. काही सांगायचंय का, असं विचारल्यावर टिळक जे बोलले ते हायकोर्टात संगमरवरावर कोरून ठेवलंय. ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाच्या भिंतीवर. ज्युरीने काही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, या कोर्टाहून मोठी सत्ता वर आहे, आणि कदाचित माझ्या बाहेर राहण्यापेक्षा सोसण्यानेच माझं काम पुढे जावं अशी तिची इच्छा असेल, असा त्याचा अर्थ. त्याच रात्री खास गाडीने त्यांना मुंबईतून हलवलं, साबरमतीच्या तुरुंगात. दुसऱ्या दिवशी २३ जुलै, त्यांचा वाढदिवस. बावन्न पूर्ण.

आणि त्या दुसऱ्या दिवशी गिरणगाव उठलं.

खरं तर खटला चालू असतानाच कुठे कुठे गिरण्या बंद पडत होत्या. पण २३ तारखेपासून लालबाग, परळ, चिंचपोकळी, सगळीकडे भोंगे वाजले आणि माणसं आत गेलीच नाहीत. लाखभर कामगार तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत होते. मूळजी जेठा मार्केटातल्या कापडवाल्यांनी दुकानं लावली. एका वर्षाला एक दिवस, असे सहा दिवस, २८ तारखेपर्यंत. सगळं शांततेत झालं असं नाही. दगडफेक झाली. लष्कर आणलं. परळच्या बाजूला गोळीबार झाला, पुढे शेख मेमन स्ट्रीटवर झाला. माणसं मेली. ती कुणाची कोण, त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

आता या कामगारांचा विचार करा. गिरण्यांत विजेचे दिवे नुकतेच आले होते. दिवे आले म्हणजे सोय झाली असं आपल्याला वाटतं, पण दिव्यांमुळे मालकांना रात्रही मिळाली, आणि काही गिरण्यांत चौदा-पंधरा तास काम चालायला लागलं. पगार महिन्याने, तोही पुढच्या महिन्यात. युनियन नाही. संपाचा हक्क वगैरे भाषा नाही. बरेचसे आपल्याच रत्नागिरीकडचे, सातारचे, घाटावरचे. बाया होत्या त्यात. सूत गुंडाळायच्या खात्यात बायाच बसायच्या. 'केसरी' विकत घेऊन वाचेल असा किती जणांत एक? पण चाळीच्या गॅलरीत एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. म्हणजे आपण आत्ता करतोय तेच, बायांनो, फक्त तारेशिवाय.

टिळक त्यांना निव्वळ परके नव्हते. चिंचपोकळीत त्यांनी कामगारांपुढे भाषणं केली होती. पकडले जायच्या आधी काही महिने पुण्यात दारूबंदीची चळवळ जोरात होती, दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहत होते. दारूच्या दुकानापुढे उभं राहणं म्हणजे काय ते आपल्यापैकी ज्या उभ्या राहिल्यात त्यांना विचारा.

पण आमच्या वाचनात आणखीही एक आलं, आणि ते गिळून टाकायचं नाही असं आम्ही ठरवलं. हेच टिळक १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याच्या विरुद्ध उभे होते. मुलीला नवऱ्याने हात लावायचं वय दहाचं बारा करायचं, एवढाच तो कायदा. परक्या सरकारने आमच्या घरात बघू नये, असं त्यांचं म्हणणं. मुलींना मुलांसारखंच इंग्रजी शिक्षण द्यावं हेही त्यांना पटत नव्हतं. आगरकर त्यांच्याशी याच गोष्टींवरून भांडून वेगळे झाले. म्हणजे आपल्यासारख्या बायांनी बी. ए. व्हावं आणि रेडिओवर बोलावं हे काही त्यांच्या मनात नव्हतं. आमच्यातली एक हे वाचून चिडली. म्हणाली, "मग यांच्याबद्दल कशाला बोलायचं?" त्यावर रात्री साडेदहापर्यंत वाद झाला. आमचं शेवटी एवढंच एकमत झालं, की माणसाचं सगळं पटलं तरच त्याच्या तोंडावरचा हात काढायचा, असं म्हटलं तर कुणाच्याच तोंडावरचा निघणार नाही. जी चिडली होती ती अजून पुरती पटलेली नाही.

सप्टेंबरात टिळकांना बोटीने ब्रह्मदेशात नेलं, मंडालेच्या तुरुंगात. तेव्हा ब्रह्मदेशावर राज्य इंग्रजांचंच, हिंदुस्थानाचाच एक प्रांत धरायचे, १९३७ साली तो वेगळा झाला. पण इथल्या माणसाला तो परमुलूखच. भाषा वेगळी, हवा वेगळी. लाकडी पट्ट्यांची खोली. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत वारा सरळ आत. मधुमेह होता, जेवणाची पथ्यं होती. तिथेच पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिलं, १९१० च्या नोव्हेंबरापासून १९११ च्या मार्चपर्यंत. हे सगळे सांगतात. आम्हाला मात्र त्या सहा वर्षांत पुण्यात राहिलेली बाई दिसत राहिली.

सत्यभामाबाई. माहेर दापोलीजवळचं लाडघर, म्हणजे आपल्याकडचीच लेक. नवरा तीनदा तुरुंगात गेला, दरवेळी मागे घर आणि मुलं तिच्याकडे. ७ जून १९१२ ला त्या पुण्यात वारल्या. सुटकेला दोन वर्षं उरली होती. मंडालेला तार गेली. भाच्याला लिहिलेल्या पत्रात टिळकांनी कबूल केलंय की संकटं शांतपणे सोसायची मला सवय आहे, पण या तारेने मी हललो. शेवटच्या वेळी तिच्याजवळ असता आलं नाही, याचंच दुःख त्यांनी लिहिलंय. आमच्यातल्या ज्यांचे नवरे आखातात किंवा बोटीवर आहेत, त्या हे ऐकताना खाली बघत होत्या.

१९१४ च्या जूनमध्ये सरकारने त्यांना गुपचूप आणलं आणि मध्यरात्री पुण्याच्या वाड्याच्या दारात सोडलं. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत, त्याच सरदारगृहात, ते गेले. भर पावसात अंत्ययात्रा निघाली आणि गिरगाव चौपाटीवर दहन झालं. तिथे त्यांचा पुतळा आहे. आम्ही परत निघायच्या आदल्या दिवशी गेलो. पुतळ्याच्या सावलीत एक बाई कणसं भाजत होती. आम्ही सातजणींनी चार कणसं घेतली. दर मुंबईचा, काय करणार.

तेव्हाच्या त्या संपाची दखल पार युरोपात घेतली गेली. रशियातून परागंदा झालेल्या लेनिनने त्याच वर्षी लिहिलं, की आपल्या लेखकासाठी मुंबईचा कामगार रस्त्यावर आला, आता हिंदुस्थानातलं इंग्रजांचं राज्य टिकायचं नाही. राज्य त्यानंतर एकोणचाळीस वर्षं टिकलं, ते असो.

आणि हे जुनंच आहे असं समजू नका. त्याच ब्रह्मदेशात, म्हणजे आताच्या म्यानमारमध्ये, डिसेंबर २०१७ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेच्या दोन तरुण पत्रकारांना पकडलं. वा लोन आणि क्यॉ सो ऊ. एका गावात दहा रोहिंग्या पुरुषांना मारून पुरलं होतं, त्याचा शोध ते घेत होते. सरकारी गुपितांच्या कायद्याखाली सात वर्षांची शिक्षा झाली. तो कायदा इंग्रजांच्याच वेळचा, १९२३ सालचा. एकाची बायको बाळंत झाली तेव्हा तो आत होता. जगभरातून त्यांच्यासाठी आवाज उठला, पण त्यांच्याच देशात कित्येकांना ते दोघे परक्यांची बाजू घेणारे वाटत होते. त्यांच्या बायका मात्र बोलत राहिल्या, पत्रकारांपुढे येत राहिल्या. पाचशेहून जास्त दिवसांनी, मे २०१९ मध्ये, दोघे सुटले.

हे सगळं आम्ही का वाचत बसलो, ते आता सांगतो. सांगायला जड जातंय.

मागल्या उन्हाळ्यात आपल्या भागात पाण्याच्या टँकरच्या खेपा कागदावर किती आणि वाडीत किती, हे एका छोट्या वर्तमानपत्रात छापून आलं होतं. आठवत असेल. लिहिणारा मुलगा पंचविशीचा, मोटारसायकलवर फिरणारा. त्याला आकडे कुणी दिले? आम्ही दिले. आमच्या गटाच्या बाया पाण्याला उभ्या राहतात, त्यांनी वहीत तारखा टाकल्या होत्या. बातमी आली तेव्हा आम्ही ती बैठकीत मोठ्याने वाचली, टाळ्या वाजवल्या. आठ दिवसांत त्याच्यावर खोटं छापल्याची तक्रार झाली. त्याला चौकशीला बोलावलं आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. त्याने आम्हाला फोन केला. म्हणाला, "ताई, ती वही घेऊन या, नाहीतर नुसतं येऊन बसा तरी."

आम्ही गेलो नाही.

कारणं होती. कर्जाची फाईल अडकेल, असं कुणीतरी सांगितलं होतं. कुणाच्या नवऱ्याने नको म्हटलं. कुणाची लावणीची तयारी. एकीने तर वही सापडत नाही म्हणून सांगितलं, आणि वही आमच्या पेटीतच होती, त्या पेटीच्या तीन किल्ल्या तिघींकडे असतात हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या गटाची एकच बाई गेली, सगळ्यात म्हातारी, सही न येणारी. ती डबा घेऊन गेली आणि त्याच्या शेजारी बाकावर बसली. संध्याकाळी दोघं एकाच एसटीने परत आली. आम्ही तिला काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. मुलगा आता लिहीत नाही, मोबाईलच्या दुकानात बसतो.

लालबागच्या त्या खोलीत आत्याबाई सहा दिवसांचं सांगत होत्या तेव्हा ती म्हातारी भिंतीला टेकून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "त्यातल्या किती जणांना वाचता येत होतं?" आत्याबाई म्हणाल्या, "फार थोड्यांना." ती म्हणाली, "हां." मग उठून तिने सगळ्यांची ताटं घेतली.

परवाच्या बैठकीत आम्ही पेटी उघडून ती वही बाहेर काढली. तारखा आहेत, खेपा आहेत, पाण्याला उभ्या राहिलेल्या बायांची नावं आहेत. वहीच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक गटात राहील. दुसरी घेऊन येत्या मंगळवारी आम्ही त्या मुलाकडे, त्याच्या दुकानात जाणार आहोत. तो काय म्हणेल ते म्हणेल, ऐकून घ्यायचं ठरलंय. आतापर्यंत नऊजणी तयार आहेत. आणखी कुणाला यायचं असेल तर सकाळी साडेआठची एसटी, वाडीच्या थांब्यावरून. डबा आपापला आणा.